जवळ आलात!

गुणगुणे तुमच्याही सोसायटीत असणारच. दारावरच्या पाटीवर आडनाव दुसरं असेल, एवढंच. लिफ्टमध्ये शिरले की ‘नमस्कार’ नाही, ‘काय म्हणताय’ नाही; थेट ‘टँडँडँ टँऽऽ टिडिंग!’ आणि भुवया वर. “ओळखा! अहो, लहानपणी रोज रेडिओवर लागायचं.”

आमच्या गुणगुण्यांची गोम अशी की त्यांना मुखडा आठवत नाही, शब्द आठवत नाहीत, गाणारी बाई होती की बुवा, हेही आठवत नाही. आठवतं ते फक्त दोन कडव्यांमधलं म्युझिक. ते मात्र इत्थंभूत. व्हायोलिनं नाकातून, अकॉर्डियन गालांतून, आणि बाँगो लिफ्टच्या भिंतीवर. आपण भीत भीत एखादं गाणं सुचवावं, तर क्षणभर डोळे मिटतात आणि म्हणतात, “जवळ आलात, पण ते नव्हे.”

रफीचं म्हणा, जवळ. आशाबाईंचं म्हणा, जवळ. एकदा वैतागून मी म्हणालो, “आकाशवाणी सुरू होताना वाजायची ती धून असेल!” ती बांधली वॉल्टर कॉफमन यांनी, नाझींच्या छायेतून सुटून मुंबईत आलेल्या संगीतकाराने. तिचा या टँडँडँशी काडीचा संबंध नाही. तरी उत्तर तेच: “जवळ आलात.” तिसऱ्या मजल्यावरच्या पोराने खोडसाळपणे मोझार्टची 40 वी सिंफनी लावली, तर त्यालाही “जवळ आलास!” पोरगं हसलं, पण सलील चौधरींनी 1961 च्या ‘छाया’मध्ये नेमकी तीच सिंफनी वापरली होती, तेव्हा तिथे गुणगुण्यांना निदान काठावर पास करायला हवं.

2020 पासून गूगलला गुणगुणून गाणं विचारता येतं. सुनेने फोन पुढे धरला. गुणगुण्यांनी सगळा वाद्यमेळ त्यात ओतला. फोनने एक भक्तिगीत दाखवलं, मग एक पंजाबी, मग काहीच नाही. गुणगुणे फोनला म्हणाले, “असू दे. जवळ आला होतास.”

कहर झाला तो स्मशानात. इमारतीतले एक निवृत्त संगीतशिक्षक गेले होते. लाकडं रचेपर्यंत सगळे खाली मान घालून उभे. गुणगुणे थोरल्या मुलाजवळ सरकले आणि भरल्या गळ्याने म्हणाले, “त्यांना माहीत होतं हो.” मुलगा म्हणाला, “हो काका, बाबांना सगळं कळून चुकलं होतं.” त्यावर गुणगुणे अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “टँडँडँ...” मुलगा रडत होता म्हणून निभावलं.

हे सगळं खरं असलं, तरी एक गोष्ट नाइलाजाने त्यांच्या पदरात टाकावी लागते. तीन-सव्वातीन मिनिटांच्या त्या तबकडीवर गायकाचं नाव असे, संगीतकाराचं असे. कडव्यांमधली ती काही सेकंदं ज्यांनी रचली आणि वाजवली, त्यांचं बहुधा नसेच. त्यांत गोव्याहून मुंबईला आलेले, कागदावरची स्वरलिपी झरझर वाचणारे किती तरी वादक होते. शंकर-जयकिशनची कित्येक गाणी वाद्यांनी सजवणारे सेबॅस्टियन डिसोझा त्यांतलेच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. 1977 साली शिष्याने त्यांचं नाव एका गाण्यात गुंफलं आणि देशभर गल्लीबोळात त्यावर नाच झाला. नाचणाऱ्यांना वाटलं, नाव अमिताभच्या पात्राचं. आपण सगळे मुखडा पाठ करून रसिक झालो. त्या अनामिक व्हायोलिनांचा हिशेब आमच्या इमारतीत तरी एकट्या गुणगुण्यांनी ठेवला, आणि त्यांना आपण पाहिलं की जिन्याने जातो.

परवा ते स्वतःच जिन्याने चढत होते. तिसऱ्या मजल्यावर दम लागून थांबले. म्हणाले, “मधला अकॉर्डियनचा तुकडा निसटायला लागलाय.” मी विषय बदलला, दुसरं काय करणार?

तेव्हा वाचकहो, एक विनंती. आधी व्हायोलिनं उसळून वर जातात, मग अकॉर्डियनचा छोटा तुकडा, बाँगोचे दोन ठोके आणि शेवटी ‘टिडिंग’. असं गाणं तुमच्या ऐकण्यात असेल तर लगेच कळवा. माणूस ऐंशीच्या पुढे आहे. नुसतं जवळ येणारं उत्तर मात्र पाठवू नका. तशी आमच्याकडे पुष्कळ साठली आहेत.