पिवळी, निळी आणि एक ताडपत्री

रिकाम्या टिप्परमधून प्रवास करू नये. भरलेल्यातून करावा, नाहीतर सरळ घरी बसावं. हे ज्ञान मला सावनेरच्या अलीकडेच झालं, पण तोवर ड्रायव्हरनं माझी पिशवी सीटमागे अशी काही कोंबली होती की ती काढून उतरणं शक्य नव्हतं. माल असला की त्याच्या वजनानं स्प्रिंगचे पाटे दबतात आणि गाडी जरा माणसाळते. रिकामी असली की तेच पाटे ताठ. सोळा टन गिट्टी पेलायला घडवलेल्या त्या पोलादाला माझ्या बासष्ट किलोंची कदर असायचं कारणच नव्हतं. प्रत्येक खड्ड्याला पाटे मला वर पाठवत आणि केबिनचं छत खाली.

"हायवा आहे ना सर, म्हून," पंचविशीतला ड्रायव्हर म्हणाला. हायवा हे खरं तर गाडीचं नाव नाही. डाला उचलणारा जॅक बनवणारी ती हॉलंडची कंपनी. जॅकवर नाव ठसठशीत लिहिलेलं, म्हणून आपल्याकडे अख्खी गाडीच हायवा झाली. डालड्याचं झालं तसंच.

मी सावरगावला निघालो होतो ते जुन्या टिप्पर ड्रायव्हरांच्या आठवणी जमवायला. या भागात गिट्टी, मुरूम, कन्हानची रेती, परासियाचा कोळसा आणि मँगनीज वाहणाऱ्या लहान-मोठ्या कंपन्या एकेकाळी जोरात होत्या. कंपनीचं नाव, साल, गाडीचं मॉडेल असा एक नेटका तक्ता करायचा माझा बेत होता. वहीत रेघासुद्धा आखून आणल्या होत्या.

केळवदनंतर महाराष्ट्र संपतो. तो संपला हे फक्त पाट्यांवरून कळतं. 1956 साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले, पण मराठी बोलायचं काही कुणी सोडलं नाही. 2023 मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. वडचिचोली गेली, संत्र्यांचे बगीचे गेले आणि जाम नदी आली. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव.

ही तीच नदी, जिच्या दोन काठांवरून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. त्या दिवशी नागपुरात मारबत निघते आणि इथे नदीच्या मधोमध रोवलेल्या पळसाच्या झेंड्यासाठी दोन गावं एकमेकांना दगड मारतात. एका काठाच्या पोरानं दुसऱ्या काठाची पोरगी पळवली, अशी त्यामागची कथा. प्रशासनानं एकदा दगडांऐवजी रबराचे चेंडू देऊन पाहिले. चेंडूंनी कुणाचंच समाधान झालं नाही. यात माणसं गेली आहेत, त्यामुळे त्यावर फार विनोद करवत नाही. एवढंच म्हणतो की दोन माणसं दोन बाजूंना बसली की काय होतं, याचा अंदाज मला आधीच यायला हवा होता.

सावरगावच्या चहाच्या टपरीवर माझ्यासाठी दोन म्हातारे थांबले होते. एक सावरगावचे, एक पुलापलीकडचे. दोघांच्या मध्ये बाकावर बरोबर एका माणसाची जागा मोकळी होती. मी तिथे बसलो. ही माझी चूक.

"काकाजी, तुमच्या कंपनीचं नाव?" मी वही उघडली.

"नाव नोका लिहू," सावरगाववाले म्हणाले. "माये चारशे ऐंशी रुपये बाकी आहेत त्यायच्याकडं. नाव छापून आलं तं म्हणतीन, बदनामी केली, आता नाई देत."

"कधीचे बाकी आहेत?"

"त्र्याण्णवचे."

पुलापलीकडच्या काकाजींचे पाचशे पंधरा होते. त्यामुळे त्यांचंही नाव नको. शेवटी रंगावर तडजोड झाली. सावरगाववाल्यांची कंपनी पिवळी, दुसऱ्यांची निळी. तक्त्याचा पहिला रकाना असा बुडाला.

सालांचा रकाना तर उघडलाच नाही. "पोरगी झाली त्या साली", "घाटात लेलँड पडली त्याच्या आंधी", असं त्यांचं पंचांग. मॉडेल मात्र दोघांनाही गोत्रासारखी पाठ. 1210 म्हणजे पहिले दोन आकडे वजनाचे, मागचे दोन ताकदीचे: बारा टन, शंभर घोडे. 1613 म्हणजे सोळा टन, एकशेतीस घोडे. "अन् त्याच्या आंधी मी मर्सिडीज चालवली," निळीवाले सहज म्हणाले. मी दचकलो. पण खोटं नव्हतं ते. टाटांचा मर्सिडीज-बेंझशी 1954 ते 1969 करार होता, तेव्हाच्या ट्रकांच्या नाकावर तो चांदणीचा बिल्ला असायचा.

"चालवली कायची? धुतली म्हणा! किलिनर होता हा," पिवळीवाले माझ्या उजव्या कानात म्हणाले.

इथून सुरू झालं. पिवळीचा मालक रोज सकाळी डिझेलच्या टाकीत बांबूची काडी घालून मोजायचा, असं निळीवाल्यांनी सांगितलं. निळीचा मालक टायरवर तापल्या सळईनं नंबर डागायचा, ड्रायव्हरनं विकू नये म्हणून, असं पिवळीवाल्यांनी. निळीवाले सिलेवानीच्या घाटात ज्या गेरात चढायचे त्याच गेरात उतरायचे. पिवळीवाले न्यूटल मारून.

"हाव, मारला न्यूटल! काडीनं मोजते तं वाचवाच लागन ना डिझेल!"

निळीच्या मालकाच्या साळ्याची गोष्ट मात्र मी वहीत उतरवली. भूगर्भशास्त्रात खडकांच्या एका अख्ख्या समूहालाच सौंसरचं नाव आहे आणि या पट्ट्यातलं मँगनीज त्याच खडकांतलं. ते कोळशापेक्षा दुपटीहून जड. डाला अर्धाही भरत नाही तोच काटा पूर्ण वजन दाखवतो. साळेबुवा पहिल्यांदाच खाणीवर आले, अर्धी रिकामी गाडी बघून भडकले आणि वरपर्यंत भरायला लावली. गाडी काट्यापर्यंतसुद्धा पोचली नाही. दोन्ही बाजूंचे पाटे तिथेच तुटले आणि साळेबुवा पुढे कापडाच्या दुकानात बसू लागले.

मग कमानीचा विषय निघाला.

टिप्पर रिकामा करायची एक रीत आहे. आधी खाली उतरून फाळक्याचे हूक काढायचे. मग वर येऊन क्लच दाबायचा, इंजिनाची ताकद पंपाला जोडणारा पीटीओ टाकायचा आणि रेस द्यायची. पंपाचं तेल जॅकमध्ये जातं, डाला कण्हत उठतो, माल आधी थोडा, मग एकदम धाडकन सरकतो. त्यानंतर लिव्हर सोडून डाला पुरता खाली बसेपर्यंत थांबायचं. हे थांबणं कुणाला परवडत नसे, कारण पैसे खेपेवर. त्यामुळे डाला उतरता उतरताच गाडी पळायची. एकदा मात्र डाला उतरलाच नाही. ड्रायव्हर आपला विडी पेटवून निघाला.

"समोर लग्नाची कमान. 'सुस्वागतम्' लिहिलेली. ते अल्लग वर अडकली डाल्याले, अन् संगं निघाली. रस्त्यानं लोकं हात करून रायले. मले वाटलं, नमस्कार करून रायले. मीबी हात केला." पिवळीवाल्यांनी हात करून दाखवला. "दोन किलोमीटर."

"दीड," निळीवाले म्हणाले. "अन् तो तू नोहता. मी होतो. निळी गाडी होती ते."

मी दोन्हीकडे पाहिलं. तासभर जे एकमेकांच्या कंपनीची धुणी धूत होते, ते आता त्या कमानीसाठी भांडत होते. नवरदेव कोणत्या रंगाच्या फेट्यात मागे धावला, कमानीचे बांबू कुणी भरून दिले, सगळ्याचे दोन-दोन पुरावे. पिवळीवाले उठून उभे राहिले. "आमच्या कंपनीची कमान हे लोक घेऊन जाऊन रायले!" टपरीवाल्यानं मुकाट्यानं काचेचे ग्लास आत नेले. या गावात त्याला अनुभव असावा.

इतक्यात माझा हायवावाला पोरगा डोकावला. "काकाजी, आता असं होतच नाई ना. डाला वर राहिला तं केबिनमंदी बझर वाजते."

दोघे गप्प झाले. पिवळीवाले खाली बसले. निळीवाल्यांनी पोराला चपलेपासून केसांपर्यंत पाहिलं.

"मंग तू कायचा डायव्हर?"

"गाडीच डायव्हर हाय तं," पिवळीवाले म्हणाले. त्या दुपारचं हे पहिलं एकमत. ते चांगलं पाऊण तास टिकलं, पोरगा निघून जाईपर्यंत.

परतताना मी पांढुर्ण्याहून रेल्वे धरली; पाट्यांशी पुन्हा संबंध नको होता. काटोलच्या आसपास वही उघडली. आखलेले रकाने कोरेच होते. तळाला मात्र निघताना दोघांनी, एकमेकांना दिसू नये म्हणून आळीपाळीनं, लिहून घ्यायला लावलेल्या दोन ओळी होत्या. मालकाचं पोरगं नागपुरात कुठे भेटलं तर सांगायचं, म्हणून.

पिवळी: 480 रुपये येणे.

निळी: 515 रुपये येणे. एक ताडपत्री देणे. ती घरीच आहे, पैसे मिळाल्यावर देऊ.