तोकडी वाकळ

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं ज्यानं पहिल्यांदा सांगितलं त्याचं अंथरूण बऱ्यापैकी ऐसपैस असावं. पाय जरा आखडले की त्याचं भागत असेल. खरा पेच पांघरुणाचा असतो. लहानपणी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत चार भावंडांना मिळून एक वाकळ होती. आजीनं जुन्या लुगड्यांचे थर लावून शिवलेली, मुंग्यांच्या रांगेसारखे टाके असलेली. ती डोक्यावर ओढली की पाय उघडे पडत. थोरल्यानं कुशीखाली दाबली की धाकटा उघडा पडे. कडेला आई झोपायची. रात्रभर ती वाकळ ढगाच्या सावलीसारखी आमच्या अंगावरून सरकत राही आणि पहाटे कुणाचा तरी एक तळवा देवळाबाहेर चुकलेल्या चपलेसारखा एकटाच बाहेर पडलेला असे.

ती वाकळ मला चाळीस वर्षांनी राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात पुन्हा भेटली. चिरंजीवांना गेमिंग लॅपटॉप हवा होता. “अभ्यासालापण होतोय की, पप्पा,” असं तो म्हणाला, ते पांढरा रस्सा सर्दीवर चांगला असतो असं आपण ज्या प्रामाणिकपणानं म्हणतो, त्याच प्रामाणिकपणानं. पांघरूण पासष्ट हजारांचं होतं. मला वाटलं, पैसे मोजायचे, पेढे घ्यायचे, घरी यायचं. पण दुकानातल्या पोरानं दोन लॅपटॉप समोर उघडून ठेवले आणि मग उलगडत गेलं की इथं काय घ्यायचं हा प्रश्न नसून काय सोडायचं हा आहे. चिप चांगली हवी तर पडदा फिका. पडदा चांगला हवा तर चिप अशक्त. दोन्ही हवं तर बाजूच्या कपाटात, काचेच्या आत.

दोन्हींवर गेमची चित्रं काढणाऱ्या चिपचं एकच नाव होतं, आरटीएक्स ३०५०. मी म्हटलं, मग स्वस्तातला घे. मुलानं माझ्याकडं पाहिलं ते, रेड्याला म्हैस समजून दुधाचा भाव विचारणाऱ्याकडं गवळी पाहतो तसं. नाव तेच असलं तरी ही चिप एका लॅपटॉपात ३५ वॉटवर चालते, दुसऱ्यात ८० वॉटवर, असं त्यानं समजावलं. अंगानं बारीक लॅपटॉपाला उष्णता बाहेर टाकता येत नाही, म्हणून त्याची वीजच तोडलेली असते. आणि हा आकडा खोक्यावर बहुधा छापलेला नसतो. हे मात्र मला लगेच कळलं. कोल्हापूरच्या माणसाला खुराक कळतो. एकाच नावाचे, एकाच तालमीतले दोन पैलवान. एक पहाटे गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध पिऊन, बदाम खाऊन आखाड्यात उतरतो आणि दुसरा चहा-बटरवर. पत्रकावर दोघांचं नाव सारख्याच टायपात असतं. खासबागेतल्या मातीला तेवढा फरक कळतो.

पडद्याचंही तसंच. १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र ताजं करणारा. साधा पडदा हे काम ६० वेळा करतो. ऐकून मी भारावलो. पण मोठ्या गेममध्ये चिपला सेकंदाला साठच चित्रं काढता आली, तर पडदा काय करणार? वाढपी १४४ वेळा पंगतीतून फिरतोय आणि पातेल्यात भाजी मात्र साठ पानांपुरती. शिवाय रंग. संगणकाच्या पडद्यानं किती रंग दाखवावेत याचं एसआरजीबी नावाचं एक माप आहे; या स्वस्त पडद्यांना त्यातले साठ-पासष्ट टक्केच झेपतात. त्यावर तांबडा रस्सा पाहिला तर तो पांढरा व्हायच्या वाटेवर निघाल्यासारखा दिसेल. बॅटरीचं तर बोलूच नये. विजेशिवाय गेम लावला तर चिपचा जोर निम्म्यावर येतो आणि तासाभरात लॅपटॉप मान टाकतो. म्हणजे नावाला हा उचलून न्यायचा संगणक. प्रत्यक्षात खुंटीला बांधलेली सव्वादोन किलोची म्हैस आणि तिच्या दाव्याला विटेएवढा चार्जर.

रॅम आठ जीबी, तीही एकाच पट्टीत. दोन पट्ट्या लावल्या की त्या बैलजोडीसारख्या मिळून ओढतात. एकच असली की एका बैलावर नांगर. पण शेजारची खाच रिकामी होती आणि मुलाचा सगळा जीव त्या खाचेत होता. “पुढं दुसरी टाकू. एसएसडीला पण जागा हाय. मीच खोलतो.” पंगतीत न आलेल्या पाहुण्यासाठी पाट मांडून ठेवावा, तशी ती खाच. मला बरं वाटलं. वस्तू विकत घेतली की ती लगेच खोलून बघायची, हा या गावाचा जुनाच नाद आहे. विलायती कॅमेरा परवडेना तेव्हा बाबूराव पेंटरांनी १९१८च्या सुमारास इथंच कॅमेरा तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आणला. त्या मानानं रॅमची पट्टी बसवणं ते काय. उद्यमनगरात आजही एखाद्याला यंत्र दाखवा. किंमत विचारायच्या आधी तो स्क्रू कुठं आहेत ते बघतो.

आणखी काही लॅपटॉप उघडून पाहिल्यावर अखेर दोन उरले. चिपला दोन्हींत सारखाच भरपूर खुराक होता, फरक पडद्याचा. एकाचे रंग जिवंत, पावसानंतरच्या पन्हाळ्यासारखे. दुसऱ्याचे धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखे. मध्ये सात हजारांचं अंतर. मी “बघू की, घेऊ,” म्हणत शर्टाच्या खिशाला हात लावला. त्या खिशात पेन आणि चष्म्याच्या दुकानाची चिठ्ठी, एवढंच होतं. पण विचार करताना माणसाचा हात उगाच तिथं जातो. मुलानं तो हात पाहिला. जिवंत रंगांच्या पडद्यावरून एकदा बोट फिरवलं, आणि म्हणाला, “नको, पप्पा. असल्या भडक रंगांनी माझे डोळे दुखतात.”

रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलमध्ये तोंड घालून बसणाऱ्या मुलाचे डोळे रंगांनी दुखतात! मी काही बोललो नाही. कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, फक्त शब्द वेगळे होते. कडेला झोपलेल्या आईपर्यंत ती वाकळ कधी पोचलीच नाही. आम्ही विचारायचो, “आई, तुला गं?” ती कूस वळवून म्हणायची, “मला उकडतंय.” डिसेंबरात, रंकाळ्यावरचं वारं दाराच्या फटीतून शीळ घालत असताना तिला उकडायचं, आणि आम्ही चौघं ते बिनदिक्कत खरं मानून आणखी एक वीतभर वाकळ आपल्याकडं ओढून घ्यायचो.

आम्ही विटक्या रंगांचा घेतला. पेढेही घेतले. लॅपटॉप आता बाहेरच्या खोलीत, प्लगाशेजारच्या टेबलावर असतो. रात्री गेम सुरू झाला की त्याचा पंखा गिरणीसारखा घरघरू लागतो, कडेच्या जाळीतून गरम वाफा येतात, आणि दहा मिनिटांत त्या खोलीत सगळ्यांनाच, खरोखर, उकडायला लागतं.