बदल कोणी केला?

प्रत्येक घराण्यात एक वंशवेलकर असतो. आडनाव जोशी असो, शिंदे असो की प्रभू, त्यात फरक पडत नाही. साधारण निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात त्यांचा उदय होतो. पहिला महिना पेन्शनची कागदपत्रं आणि दातांची कामं उरकण्यात जातो. दुसऱ्या महिन्यात घरातले जिवंत लोक आपलं ऐकत नाहीत हे लक्षात येतं आणि मग ते मेलेल्यांकडे वळतात.

पूर्वीचे वंशवेलकर कुलवृत्तांत मंडळाचे चिटणीस असत. पोस्टकार्डं धाडायची, छापील तक्ते भरून मागवायचे, कुलसंमेलनात जिलबीच्या पंगतीआधी वर्गणीची आठवण करून द्यायची. अशी दहा-बारा वर्षं घासल्यावर ग्रंथ निघायचा आणि प्रस्तावनेच्या शेवटी ‘यांचेही सहकार्य लाभले’ या यादीत त्यांचं नाव यायचं, तेही आद्याक्षर चुकवून. वंशवेलकरांच्या पिढ्यान् पिढ्या हे शल्य उरात घेऊन गेल्या.

आताच्या वंशवेलकरांचं नशीब मात्र फळफळलं आहे. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत मॉर्मन पंथाच्या लोकांनी १८९४ साली वंशावळींची एक संस्था काढली. जगभरच्या जन्ममृत्यूच्या नोंदी मायक्रोफिल्मवर उतरवायला त्यांनी १९३८ मध्ये सुरुवात केली. अशी सुमारे २४ लाख रिळं जमली आणि २०२१ पर्यंत त्यांचं डिजिटल रूप तयार झालं. आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही त्यांच्या कॅमेऱ्यातून सुटल्या नाहीत. हीच संस्था आता ‘फॅमिलीसर्च’ या नावाने साऱ्या जगाचा मिळून एकच वंशवृक्ष चालवते, तोही फुकट. ‘फुकट’ या शब्दापाशी आमचे वंशवेलकर पहिल्यांदा थबकले. त्यांना कायमचं खिळवून ठेवलं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीनं. या वृक्षात कोणीही कोणाच्याही पूर्वजाची माहिती बदलू शकतो, आणि कोणी, कधी, काय बदललं याची नोंद बदलणाऱ्याच्या नावानिशी कायम राहते. शिवाय आपण आजवर काय काय केलं ते दाखवणारं ‘माझं योगदान’ असं एक स्वतंत्र पान मिळतं.

त्या पानानं वंशवेलकरांची दिनचर्याच बदलली. सकाळी चहाचा कप हातात येण्याआधी चष्मा नाकावर येतो आणि बँकेचं पासबुक तपासावं तसं ते पान तपासलं जातं. आपण जोडलेल्या व्यक्ती, आपण दिलेले पुरावे, आपण चढवलेले फोटो. पणजोबांचा जन्म हे त्यांच्या दृष्टीनं पणजोबांचं नव्हे, त्यांचं स्वतःचं कर्तृत्व असतं. “रत्नागिरीची अख्खी शाखा मी आणली,” असं ते सांगतात, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं एसटीनं आणली.

अडचणी काही कमी नसतात. पहिली अडचण नावांची. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. बाळाजी विश्वनाथांचे चिरंजीव बाजीराव, त्यांचे चिरंजीव पुन्हा बाळाजी. थोरल्या बाजीरावांचे नातू पुन्हा बाजीराव. पेशव्यांचं एक ठीक आहे, त्यांच्यासाठी इतिहासकार आहेत. वंशवेलकरांच्या घरात गणेश विनायक आणि विनायक गणेश अशी नुसती अदलाबदल सात पिढ्या चालली आहे. संगणक बिचारा वरचेवर विचारतो, ‘या दोन व्यक्ती एकच आहेत का?’ एकदा नाशिकच्या एका उत्साही पुतण्यानं ‘हो’ म्हटलं. त्या दुपारी आजोबा आणि नातू एक होऊन बसले आणि मधले वडील स्वतःच्याच मुलाचे चिरंजीव ठरले. वंशवेलकरांनी जेवण बाजूला सारून गुंता सोडवला. ती दुरुस्तीही योगदानात जमा झाली, हे ते पुतण्याचे आभार न मानता सांगतात.

दुसरी अडचण तारखांची. त्यांच्या घरातले निम्मे लोक १ जूनला जन्मले आहेत, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. मृत्यूच्या तारखेवर गुरुजींचा हात नसतो, पण तिथे तिथी आडवी येते. श्राद्ध तिथीनं करायचं आणि वंशवृक्षाला हवी तारीख. खापरपणजोबा शके १८०५ च्या माघात गेले. न्यू जर्सीतल्या चुलतभावानं शकात ७८ मिळवून १८८३ लिहिलं. वंशवेलकरांनी ते खोडून १८८४ केलं, कारण माघ येईपर्यंत इंग्रजी साल पालटलेलं असतं, तिथे ७९ मिळवायचे. भावानं पुन्हा १८८३ केलं. हे युद्ध पावसाळाभर चाललं. न्यू जर्सीत दिवस उजाडला की खापरपणजोबा १८८३ ला जायचे, पुण्यात उजाडला की १८८४ पर्यंत जगायचे. अखेर वंशवेलकरांनी कारणाच्या चौकटीत पंचांगाचा अख्खा पाठ लिहिला आणि खाली ‘कृपया बदलू नये’ अशी पुस्ती जोडली. भाऊ गप्प बसला. खापरपणजोबांचं आयुष्य वर्षभर वाढवल्याचा आनंद वंशवेलकरांच्या चेहऱ्यावरून आठवडाभर हलला नाही.

ती कारणाची चौकट हा त्यांचा खास प्रांत. ही माहिती खरी कशावरून, ते तिथे लिहायचं असतं. वंशवेलकर रुबाबात लिहितात, ‘कौटुंबिक माहिती’. हे कौटुंबिक माहितीचं खातं प्रत्यक्षात स्वयंपाकघरात फोडणी देत उभं असतं.

“अगं, धाकट्या आत्याला कुठे दिली होती?”

“अहो, दापोलीला. आणि धाकटी नव्हे, मधली. धाकटी तीन महिन्यांची असतानाच गेली.”

खटाखट टाइप. योगदान एक, आत्या दोन.

तिसरी अडचण आली तेव्हा तर स्वयंपाकघरातल्या या काकूंशिवाय पानच हलेना. या वृक्षात बाईची नोंद माहेरच्या नावानं करायची असते. आपल्याकडे लग्नात आडनाव तर बदलायचंच, पुष्कळ घरांत तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीनं पाळण्यातलं नावही नवं लिहिलं जायचं. छापील वंशावळींत बायकांना फारशी जागा नव्हती. नुसत्या मुलीच झालेली शाखा अनेक ठिकाणी तिथेच खुंटलेली दिसते. त्यामुळे वंशवेलकरांच्या बारा पिढ्यांच्या तक्त्यात पुरुष खडान् खडा आणि बायका म्हणजे ‘सौ. लक्ष्मीबाई’ एवढंच. प्रत्येक पिढीत एक लक्ष्मीबाई. काकूंना मात्र सगळं ठाऊक होतं. कोण कुठली, कुणाची भाची, कुणाच्या मावशीनं स्थळ सुचवलं होतं. ही माहिती त्यांनी चाळीस वर्षं हळदीकुंकवाला आणि डोहाळजेवणाला बसून जमवली होती. तिला कुणी संशोधन म्हटलं नव्हतं, ‘बायकांच्या गप्पा’ म्हटलं होतं.

एकदा काकूंनी विचारलं, “यात माझं नाव कुठाय?”

“जिवंत माणसाची नोंद इतरांना दिसत नाही. ज्यानं केली त्यालाच दिसते. नियम आहे.”

“म्हणजे जगाला दिसायला आधी मरायला हवं?”

“तसं नाही, पण... हो.”

काकूंनी कणीक मळायला घेतली. संध्याकाळी नातीला हाताशी धरून त्यांनी आपलं स्वतंत्र खातं उघडलं. वंशवेलकरांना याचा पत्ता नव्हता. आपण लक्ष ठेवलेल्या पूर्वजांत काय फेरफार झाले ते कळवणारी ईमेल त्यांना आठवड्याला येते. त्या आठवड्यातली ईमेल उघडताच ते ताडकन उठले. त्यांच्या सख्ख्या आईचं नाव बदललं होतं! ‘लक्ष्मी’ जाऊन तिथे ‘यमूना’ आलं होतं, पुढे भलतंच आडनाव. बदलणाऱ्याचं नाव अनोळखी.

त्यांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर ठणकावलं, “हा बदल कोणी केला? चोवीस तासांत खुलासा करावा.” न्यू जर्सीहून हात झटकल्याचा संदेश आला. नाशिकच्या पुतण्यानं न विचारताच माफी मागून टाकली. मग वंशवेलकरांनी कारणाची चौकट उघडली. तिथे लिहिलं होतं: ‘सासूबाईंचं माहेरचं नाव. माझ्या पहिल्या मंगळागौरीला त्यांनी स्वतः सांगितलं. त्यांच्या मुलानं कधी विचारलं नव्हतं.’

पूर्वस्थितीवर आणायचं बटण शेजारीच होतं. वंशवेलकरांचं बोट त्यावर बराच वेळ रेंगाळलं. पण पुरावा भक्कम होता आणि पुरावा देणारी बाई रात्री वाढणार होती. त्यांनी बटण दाबलं नाही. मात्र ‘यमूना’मधला दीर्घ मू ऱ्हस्व केला, कारणात ‘शुद्धलेखन’ असं लिहिलं आणि ती दुरुस्ती आपल्या नावावर पडली आहे याची योगदानाच्या पानावर खात्री करूनच ते पानावर बसले.