हाटेलातली भाकरी

आमच्या आजीने नूडल्स पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा ती दचकली नाही, हळहळली. "आरं, शेवयाच की ह्या! दूध न्हाई, गूळ न्हाई, वरनं मिरची वतलीया. सुतकातल्या हायत का?"

आजीचा जन्म माण तालुक्यात गेला. तिकडे पाऊस चुकून येतो, त्यामुळे बाजरी, शाळू, हुलगे, मटकी असं कमी पाण्यावर निभावणारं धान्य आणि तशीच माणसं. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती साताऱ्यात आमच्याकडे आली आणि डोळे उघडल्यावर तिला पहिल्यांदा दिसला तो आमच्या कोपऱ्यावरचा चायनीजचा गाडा. वर ग्रामदैवताचं नाव, खाली ड्रॅगन. तिने लांबूनच हात जोडले. नक्की कोणाला, ते कळलं नाही.

आता खरं सांगायचं तर मंचुरियनला परका म्हणायची सोय नाही. तो १९७५ साली मुंबईत, कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांच्या हातून जन्माला आला. म्हणजे हा वडापावचा धाकटा भाऊ. आमच्याकडे पोचेपर्यंत त्याने कोंबडी सोडून कोबी धरला, लसूण वाढवली आणि तो पक्का घाटावरचा झाला. लाल रंग तेवढा अंगाला चिकटून राहिला. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली. मिरज सोडून म्हैसाळच्या पुढे गेलं की कागवाड, म्हणजे कर्नाटकच. माझा मिरजेचा मेहुणा म्हणाला, "भावजी, तिकडचं खाऊन मतदान केल्यासारखं वाटत नाही." इकडचं खाल्लं की त्याचं बोट दोन दिवस लाल असतं.

माझी सासुरवाड तासगावची, बेदाण्याच्या गावची. सातारकरांना कंदी पेढ्यापलीकडे काही सुचत नाही, असं बायकोचं ठाम मत आहे. सांगलीचं भडंग तिच्या लेखी खाऊ नसून औषध आहे. "तेल बघ किती," म्हटलं की ती म्हणते, "आत लसूण बघा किती." (जयसिंगपूरचं भडंग अधिक चांगलं असतं, असं मी एकदा म्हणालो होतो. त्या रात्री नूडल्स झाल्या.)

चिरंजीव सातवीत. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत, असा २०२० चा नियम आहे. गणितात ज्याला मीटरचे सेंटिमीटर करता येत नाहीत, त्याला एक्कावन्नावा मीटर अचूक सापडतो. डब्यात वाघ्या घेवडा दिला तर परत येतो. कोरेगावकडचा हा घेवडा, २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण तोच हॉटेलात 'राजमा' म्हणून आला की साहेब वाटी चाटतात. मानांकनापेक्षा नामांतर कामाला येतं.

मीही काही संत नाही. रात्री साडेदहाला गाड्यावर 'हाफ' सांगताना मान वळवून बघतो, ओळखीचं कुणी नाही ना. आणि असतंच. तेही तसंच मान वळवून बघत असतं.

गेल्या रविवारी आजीची पट्टी कायमची निघाली म्हणून सगळ्यांना हायवेवरच्या एका हॉटेलात नेलं. दारात बैलगाडीचं चाक, कोपऱ्यात चूल, चुलीपुढे नऊवारीतली बाई. पुण्याच्या गाड्यांची रांग. लोक भाकरीचा पापुद्रा उचलून त्याचे फोटो काढत होते. आजी नव्या डोळ्यांनी फलक बघत बसली.

"काय लिवलंय त्ये?"

"चुलीवरची भाकरी. तीस रुपये."

"डझन?"

"एक."

आजी गप्प झाली. मग बोटांची पेरं मोजायला लागली. "दिसाला ईस तरी थापायची मी. साठ वर्सं." चिरंजीवांनी मोबाइल काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा गणित आपण होऊन सोडवलं. "एक कोटी एकतीस लाख चाळीस हजार, पणजी."

"तुज्या पणज्यानं एक रुपाया दिला न्हाई," आजी म्हणाली. "उलट मीठ कमी म्हनायचा."

वेटर वही घेऊन आला. मी पिठलं, ठेचा, भरली वांगी आणि आठ भाकऱ्या सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आजीने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांब. त्यो तुमचा लाल कोबी हितं गावतोय का?"

"मंचुरियन? आहे की आजी," वेटर म्हणाला.

"मग त्योच आन. भाकरी काय, घरी हायच."

बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी बायकोकडे. आमच्या घरात शेवटची भाकरी कधी झाली, ते आम्हा दोघांनाही आठवेना.