सूर्य उगवतो, माग चालतो

इंग्रजीतला साधा वर्तमानकाळ शिकवायचा तर सूर्य पूर्वेलाच उगवला पाहिजे, असा जणू शासननिर्णय आहे. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. शहरातल्या लिंबायत-उधन्यात खानदेशातून आलेली कितीतरी मागकामगारांची घरे आहेत. तिथला मुलगा सूर्य-चंद्राच्या सवयी इंग्रजीत बिनचूक सांगतो आणि वडील काय करतात विचारले की ‘इज वर्किंग’वर घसरतो. दोष त्याचा नाही. हा काळ रोजच्या रहाटीचा, आणि ती त्याच्या घरातच आहे: माग चालतो, बाप बारा तास उभा राहतो, पगार उचलीत जातो. क्रियापदाला ‘एस’ लावायला याहून चांगला कच्चा माल कुठला? परीक्षेत सूर्यच येतो, असे कोणी म्हणेल. येईना का, नियम तोच असेल तर मागाने काय घोडे मारले? १८४४ साली याच शहरात समाजसुधारणेसाठी मानवधर्म सभा काढणाऱ्यांतले दादोबा पांडुरंग मराठीचे व्याकरणकार होते आणि इंग्रजीचे शिक्षकही. म्हणजे व्याकरण आणि समाज एका डोक्यात मावतात. खरी अडचण वेगळी असावी. बापाचे बारा तास फळ्यावर ‘नेहमी घडणारी क्रिया’ म्हणून लिहिले, तर तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यात चूक काढायची ती कोणती?