सेन्सर हाय, बाकी काही नाही

दर्शनी फलकावर पेटलेला दिवा हा वाहनाचा दोष नसून दिव्याचाच दोष होय, अशी ज्यांची अढळ श्रद्धा असते, त्या गृहस्थांची ओळख वाचकांना नव्याने करून देण्याचे प्रयोजन नाही. प्रत्येक गावात, प्रत्येक गल्लीत आणि बहुधा प्रत्येक एकत्र कुटुंबात असा एक पुरुष असतोच, आणि वऱ्हाडासाठी गाडी काढावयाची वेळ आली म्हणजे नेमकी त्याचीच गाडी मोकळी असते. आमच्या बीड जिल्ह्यात या संप्रदायाचे मुख्य पीठ नानांच्या ओसरीपुढे, पुण्याच्या कोणा धनिकाने यथेच्छ वापरून विकलेल्या एका काळ्याभोर परदेशी गाडीत आहे, याविषयी मला तिळमात्र संदेह नाही.

ही गाडी पाट्यांवर अथवा कमानींवर नव्हे, तर हवेवर उभी असते. चारही चाकांपाशी रबरी फुगे असतात, ज्यांना आमच्याकडचे मेस्त्री बलून म्हणतात. त्यांत कॉम्प्रेसर हवा भरतो. चाकापाशी बसविलेला सेन्सर एका लहानशा दांडीच्या आधारे गाडीची उंची मोजून तिचा अहवाल कंट्रोलर नामक पेटीच्या दप्तरी रुजू करतो. आणि ती पेटी, जुन्या काळच्या एखाद्या मामलेदाराच्या तोऱ्यात, अमक्या फुग्यात हवा भरा, तमक्यातली सोडा, असे हुकूम सोडीत बसते. मुकरर मुदतीत हवा भरूनही उंची गाठली गेली नाही, तर ती फलकावर पिवळा दिवा लावून मालकास रीतसर नोटीस देते. आणि दिवा तांबडा झाला, तर असाल तेथे गाडी उभी करा, एवढाच त्याचा अर्थ असतो.

नानांची जमीन सिंदफणेच्या काठी, आणि शेताकडे जाणारी पाणंद अशी की तिच्यातले दगड बहुधा निजामाच्या अमदानीपासून जागचे हललेले नसावेत. गाडीचे पोट त्या दगडांना घासू लागताच नानांनी जालना रोडवरील एका मेस्त्रीच्या सल्ल्याने सेन्सरच्या दांड्यांची लांबीच बदलून टाकली, जेणेकरून गाडी खाली बसली आहे असा खोटा अहवाल पेटीकडे जावा आणि पेटीने भाबडेपणाने हवा भरीत राहावे. साक्षीदारच फितूर केल्यावर निकाल मनाजोगा लागावयाचाच. गाडी चांगली चार बोटे वर उचलली गेली, नानांची मान तिच्याहून अधिक वर गेली, आणि तिसऱ्या प्रहरी फलकावर पिवळा दिवा पेटला.

"सेन्सर हाय गुरुजी, बाकी काही नाही," नाना म्हणाले.

या वाक्याचा पूर्वार्ध शास्त्रदृष्ट्या निर्दोष होता, हे कबूल केले पाहिजे. घोटाळा होता तो उत्तरार्धात. उंची बदलल्यावर ती नवी उंची स्कॅनर लावून पेटीला रीतसर शिकवावी लागते, तशी तजवीज न केल्यास पेटीचा हिशेब जुळत नाही, हे मी त्यांना निवेदन केले. तेव्हा त्यांनी एका स्कॅनरवाल्याकडून दोषाची नोंदच पुसून घेतली. दिवा विझला. आम्ही विजयी मुद्रेने बीडहून निघालो, आणि गेवराई येण्याच्या आत तो पुन्हा प्रज्वलित झाला. कारण नोंद खोडल्याने दोष खोडला जात असता, तर या देशात एकही दोष शिल्लक राहता ना.

पुढे गाडी रात्रीतून मागच्या डाव्या अंगाला कलू लागली. सकाळी पाहावे तो जणू म्हैस एका कुशीवर बसलेली. हवा कोठून गळते हे शोधण्याचा सर्वांत विश्वसनीय उपाय आजही साबणाचे पाणी हाच आहे. वहिनींच्या न्हाणीघरातून बादली मागवून मी स्वतः त्या फुग्यावर पाणी शिंपडले, आणि रबराच्या घडीतून फेसाचे बुडबुडे शिस्तीने उमटू लागले. यापरता पुरावा न्यायालयालाही लागत नाही. नाना वाकले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "फेस तर येणारच की ओ, साबण हाय त्यो."

"गुरुजी, ह्या गाडीला जेवढा साबण लागला, तेवढ्यात घराचं वर्षाचं धुणं झालं असतं," असा शेरा वहिनींनी ओसरीवरून मारला. तो कामकाजात नोंदविला गेला नाही.

गळका फुगा भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर अहोरात्र धावू लागला आणि अतिश्रमाने एके दिवशी जळाला. तो बदलला, तोही जळाला. तेव्हा नानांनी मागचे दोन्ही फुगे, त्यांत हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हांसकट, काढून त्या जागी लोखंडी स्प्रिंगा बसविल्या. आता पेटी जे व्हॉल्व्ह जागेवर नाहीत त्यांचा शोध घेऊ लागली, म्हणून मेस्त्रीने त्यांच्या तारांवर रेझिस्टर जोडून व्हॉल्व्ह हजर असल्याचा भास तिला करून दिला. गैरहजर इसमाची हजेरी लावण्याची ही विद्या आमच्याकडील हजेरीपटांना नवी नाही. परंतु पेटी आमच्या कारकुनांहून करड्या स्वभावाची निघाली, आणि दिवा जो पेटला तो पेटलाच. अखेर नानांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि दुरुस्ती संपल्याचे जाहीर केले.

वास्तविक या रोगाला मोठी कुलीन परंपरा आहे. १९५७ साली अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीने एल्डोरॅडो ब्रूम नावाची अतिशय मोलाची गाडी हवेच्या फुग्यांवर बसवून विकली, आणि तिच्या अनेक मालकांनी गळतीस कंटाळून पुढे लोखंडी स्प्रिंगाच बसवून घेतल्या. हा इतिहास मी नानांना इशारा म्हणून सांगितला, तो त्यांनी दाखला म्हणून स्वीकारला. "म्हंजी अमेरिकेत बी सेन्सरच हाय," ते समाधानाने म्हणाले. मग मी कायद्याकडे वळलो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ बनावटीत परस्पर फेरबदल करण्यास मनाई करते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरबदलास पाच हजारांचा दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही, होऊ शकते. हे ऐकून ते किंचित गंभीर झाले, आणि मग कलमालाही त्यांनी त्याच एका निदानात बसविले.

कारण तोवर हे निदान गाडीपुरते उरलेच नव्हते. डॉक्टरांनी रक्तातील साखर वाढल्याचे सांगितले, तेव्हा यंत्राचा सेन्सर बिघडला होता. रक्तदाब चढला, तेव्हा दंडावरच्या पट्ट्याचा बिघडला होता. बँकेची नोटीस आली, तेव्हा बँकेच्या संगणकाचा. सून दोन दिवस अबोल राहिली, तेव्हा मोठ्या संकोचाने का होईना, सुनेचा. नातवाला गणितात नापासाचा शेरा मिळाला, त्या दिवशी तर त्यांनी गुरुजनवर्गाकडे, म्हणजे पर्यायाने माझ्याकडे, अशा दृष्टीने पाहिले की मला माझ्याच दांडीची लांबी तपासून पाहावीशी वाटली.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर पाऊस अक्षरशः कोसळला आणि सिंदफणा पात्र सोडून शिवारात शिरली. नाल्यापलीकडच्या वस्तीवर म्हातारीकोतारी आणि पोरेबाळे अडकल्याची वार्ता येताच, ज्या उंचीची मी इतके दिवस यथेच्छ टवाळी करीत आलो होतो, त्याच बेकायदेशीर उंचीच्या बळावर नानांनी गाडी पाण्यात घातली. मला सोबत घेण्याचे कारण माझे शौर्य नसून माझे वजन हे होते. परतीच्या खेपेस मागच्या आसनावर मांडीवर शेळी घेऊन मी बसलो होतो, शेजारचा बोकड परदेशी चामड्याची चव घेत होता, आणि फलकावर चिकटपट्टीच्या मर्यादेबाहेरचे जेवढे म्हणून दिवे होते, तेवढे सगळे पेटले होते. त्यांत तांबडाही होता. पुढे बसलेल्या पोराने रडतरडत विचारले, "नाना, हे लाल काय पेटलंय?"

"सेन्सर हाय बाळा, बाकी काही नाही."

पोर गप्प झाले. मागची म्हातारी गप्प झाली. फार काय, बोकडानेही चर्वण थांबविले. आणि त्या वाक्याने गाडीतील आकांत शमला, ही नोंद मी केवळ सत्याच्या आग्रहास्तव करीत आहे.

पूर ओसरल्यावर नुकसानीच्या अर्जासाठी कागद जुळविताना नानांच्या पेटाऱ्यातून मागील एका वर्षीच्या अशाच अर्जाला आलेले उत्तर माझ्या हाती लागले. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला म्हणजे अतिवृष्टी मानण्याचा दंडक आहे. आणि ही नोंद करणारे यंत्र मंडळातील दुसऱ्याच एखाद्या गावी उभे असते. त्या साली नानांच्या शेतातील काढून ठेवलेले सोयाबीन डोळ्यांदेखत वाहून गेले होते. दूरच्या त्या यंत्राला मात्र आकडा गाठण्यास थोडा पाऊस कमी पडला होता. सबब, नानांच्या शेतात अतिवृष्टी झालेली नव्हती. वहिनींनी सांगितले की नाना त्या दिवशी चिखलाने भरलेल्या पायांनीच कचेरीत जाऊन उभे राहिले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले होते, "साहेब, सेन्सर असंल." त्यावर त्यांना समजावण्यात आले की यंत्र खोटे बोलत नसते.

जे यंत्र मालकाच्या विरुद्ध बोलते त्यावर विश्वास ठेवावा, आणि जे सरकारी खजिन्याच्या विरुद्ध बोलू शकले असते ते कोसभर दूर उभे करावे, या व्यवस्थेत वाढलेल्या मनुष्याने दिव्यांशी कोणता व्यवहार ठेवावा, हे मला सांगता येत नाही. नानांचे निदान गाडीपुरते चुकीचे आहे, हे माझे मत मात्र कायम आहे. मागच्या स्प्रिंगा आवाज करतात आणि पुढच्या उजव्या फुग्यालाही आता साबण लावावा लागणार आहे. पण पर्जन्यमापकावर चिकटपट्टी लावण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला असता, तर फलकावरची पट्टी त्यांनी त्याच दिवशी आपण होऊन काढून टाकली असती, याबद्दल मी लेखी हमी देण्यास तयार आहे.