जोडीदाराचे तैलचित्र : साहित्य, कृती व पथ्ये

जोडीदाराचे तैलचित्र म्हणजे पती किंवा पत्नीस समोर बसवून, कॅनव्हासवर तैलरंगांत काढलेले, ओळखू येईल असे व्यक्तिचित्र. या व्याख्येतील 'ओळखू येईल असे' हे तीन शब्द वादग्रस्त आहेत, कारण ओळखायचे कोणी हे तीत सांगितलेले नाही. काढणारा, बसणारा आणि दोन्हीकडचे नातेवाईक असे किमान तीन पक्ष असतात आणि त्यांचे एकमत झाल्याचे सहसा आढळत नाही.

पुण्यात तैलचित्रांची वाण नाही. शाळा, मंडळे, पतसंस्था, ग्रंथालये यांच्या सभागृहांत संस्थापक, माजी अध्यक्ष आणि देणगीदार ओळीने टांगलेले असतात. प्रमुख पाहुणे दोरी ओढतात, पडदा अर्ध्यावर अडकतो, कार्यवाह खुर्चीवर चढून तो सोडवतात आणि तैलचित्राचे अनावरण झाल्याचे जाहीर होते. या सर्व चित्रांचा एक समान गुण असा की चित्रित व्यक्ती अभिप्राय देण्याच्या स्थितीत नसते. जोडीदाराच्या चित्रात नेमकी हीच सोय नाही. चित्रविषय हयात असतो, त्याच घरात राहतो आणि चहाही बहुधा तोच करतो. पुढील सर्व सूचना या एका अडचणीतून निघालेल्या आहेत.

पुण्याचा आणि तैलरंगांचा संबंध पेशवाईइतका जुना आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्यात आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे त्याने काढलेले तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. इंग्रजांचा पुण्यातील वकील चार्ल्स मॅलेट याच्या खटपटीने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळाही निघाली. गंगाराम तांबट हा पुण्याचा कलावंत या मंडळींबरोबर काम करीत असे. मॅलेटबरोबर राहणारी, त्याच्या मुलांची आई अंबर कौर हिचे चित्रही वेल्सने काढले. आपल्या विषयाला हे उदाहरण सर्वांत जवळचे, आणि त्यातील धोरण ध्यानात घेण्यासारखे आहे : मॅलेटने स्वतः कुंचला हाती घेतला नाही, दुसऱ्याकडून काम करून घेतले. नाक बिघडले तर दोष वेल्सचा. वेल्स १७९५ मध्ये वारला. मॅलेट इंग्लंडला परतला आणि १७९९ मध्ये त्याने लग्न केले ते वेल्सच्या मुलीशी, सुझॅनाशी. चित्रकाराचे मानधन वेळच्या वेळी चुकते करावे, तो पुढे कोण लागेल सांगता येत नाही, एवढा बोध यातून घेण्यास हरकत नसावी.

स्वतः कुंचला उचलणाऱ्यांत रेम्ब्रांट आणि सेझान ही दोन टोके मानता येतील. रेम्ब्रांटने पत्नी सास्कियाला फुलांनी सजवून थेट देवता केले. हा मार्ग सुरक्षित आहे. सेझानने पत्नी ओर्तान्सची एकोणतीसच्या आसपास तैलचित्रे काढली आणि त्यांतल्या बहुतेकांत ती अशी बसली आहे की भाजी करपण्याचा वास तिला येतो आहे, पण उठण्याची परवानगी नाही. समोर बसणाऱ्याने सफरचंदासारखे निश्चल असावे अशी सेझानची अपेक्षा असे. महाराष्ट्रात सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांनी हातात समई घेतलेल्या स्त्रीचे जे प्रसिद्ध चित्र काढले, आणि जे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात पाहायला गर्दी होते, त्यासाठी त्यांनी मुलीला, गीताला, तासन्‌तास उभे केले होते. ते चित्र जलरंगातील आहे. मुलीने वडिलांसाठी इतका वेळ उभे राहणे ही एक गोष्ट. जोडीदाराकडून तशी अपेक्षा धरणे ही निराळी.

साहित्य अप्पा बळवंत चौकात मिळते. चौकात गाडी लावायला जागा मिळत नाही, त्यामुळे यादी आधी करावी. प्रथम प्रयत्नास १८ बाय २४ इंचांचा, अस्तर दिलेला कॅनव्हास पुरे. याहून मोठा घेतल्यास जोडीदाराचे डोके प्रत्यक्षाहून मोठे होण्याचा संभव असतो आणि ते कोणालाच आवडत नाही. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या कॅम्लिनचे तैलरंग नवशिक्यास उत्तम. टिटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू आणि एक चांगला लाल एवढ्यात मराठी माणसाच्या कांतीच्या बहुतेक छटा निघतात. पांढऱ्याची मोठी ट्यूब घ्यावी. ती का लागते हे पुढे केसांच्या वेळी कळते. डुकराच्या केसांचे चपटे ब्रश चार, मऊ बारीक ब्रश दोन. एकूण खर्चाचा आकडा घरी सांगताना निम्मा सांगण्याची प्रथा आहे, पण पावती पिशवीतच राहते याचे भान ठेवावे.

जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन स्वयंपाकघरात ठेवू नये. गोडेतेलाच्या बाटलीशेजारी ठेवलेली जवसाच्या तेलाची बाटली हा अनेक घरांतील दीर्घकाळ चालणारा विषय ठरू शकतो. आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे व ती विनोदाने घेऊ नये : जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून एका जागी ठेवली तर ती तापून आपोआप पेट घेऊ शकतात. ती दोरीवर मोकळी पसरून वाळवावीत किंवा पाणी घातलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत. जुन्या बनियनची फडकी उत्तम. ते बनियन जुने झाले आहे हे ठरवण्याचा अधिकार मात्र ज्याचे त्याला द्यावा.

प्रकाश उत्तरेचा हवा, कारण तो दिवसभर फारसा बदलत नाही. जुन्या वाड्यात चौकातून येणारा उजेड या कामासाठी फार चांगला होता. वाडे पाडून जे फ्लॅट झाले त्यांत उत्तरेला बहुधा कपडे वाळत घालण्याची बाल्कनी येते. चित्रकाराने तेथेच बसावे व ओल्या टॉवेलचा निळा-हिरवा उजेड गालावर पडतो हे गृहीत धरावे. ऋतूची निवड अधिक कठीण. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन तो घट्ट होतो आणि दमट, गार हवेत ही क्रिया रेंगाळते. त्यामुळे पुण्याचा पावसाळा बाद. पुढे गणपती, नवरात्र, दिवाळीची साफसफाई, त्यामुळे तेही महिने बाद. मार्गशीर्षापासून माघापर्यंत हवा कोरडी आणि ऊन प्रसन्न असते, परंतु त्याच काळात लग्नाचे मुहूर्त येतात. शास्त्रशुद्ध विचार केल्यास जानेवारीतील दोन आठवडे उरतात आणि त्यांतल्या एकात संक्रांतीचे हळदीकुंकू असते.

बैठकीचा प्रस्ताव कसा मांडावा यावर मतभेद आहेत. "तुझं चित्र काढू का?" या प्रश्नाला पुण्यात मिळणारे पहिले उत्तर "कशाला?" हे असते. येथे सौंदर्याची स्तुती करू नये. वीस वर्षांत न केलेली स्तुती एकदम केल्यास संशय वाढतो. "शिकतोय, सराव हवाय" हे उत्तर कमी रसिक असले तरी विश्वासार्ह आहे. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटे बसवून पाच मिनिटे सोडावे. उठण्यापूर्वी खुर्चीच्या पायांभोवती आणि पावलांभोवती फरशीवर खडूने खुणा कराव्यात, म्हणजे पुन्हा त्याच जागी बसता येते. घरात घड्याळापेक्षा कुकर अचूक असतो : तीन शिट्ट्यांत कपाळ, पाचव्या शिट्टीला गॅस बंद करायला चित्रविषय उठतो. गप्पा चालू ठेवाव्यात, त्याने चेहरा जिवंत राहतो. मात्र माहेर, सोसायटीची वार्षिक सभा आणि गृहकर्ज हे विषय काढल्यास भुवयांची रेषा जी वर जाते ती त्या दिवशी खाली येत नाही.

पहिले रेखांकन पातळ रंगात करावे. डोळे मस्तकाच्या उंचीच्या बरोबर मध्यावर येतात आणि दोन डोळ्यांत साधारण एका डोळ्याइतके अंतर असते. नवशिके कपाळ नेहमी लहान काढतात. या टप्प्यावर बऱ्याच चित्रकारांना असे जाणवते की हा चेहरा आपण इतकी वर्षे ज्या लक्षाने पाहत होतो ते लक्ष बहुधा दूध उतू जाते का यावर होते. डाव्या भुवईतला जुना व्रण पाहून "हा कधी झाला?" असे विचारू नये. तो लग्नाआधीचा असतो आणि त्याची गोष्ट एकदा सांगून झालेली असते.

जुन्या पद्धतीत मातकट हिरव्या रंगात खालचा थर देतात, म्हणजे वरच्या कांतीच्या रंगाला खोली येते. ही पद्धत गुणकारी आहे, फक्त या अवस्थेत कॅनव्हास झाकून ठेवावा. हिरवा नवरा किंवा हिरवी बायको पाहिलेल्या सासूबाईंना पुढचे थर पाहण्यात रस राहत नाही. थर देण्याचा नियम एकच आणि तो मोडू नये : खालचे थर टर्पेंटाइनचे, पातळ, वरचे अधिक तेलाचे. उलट केल्यास वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर सरकतो आणि चेहऱ्यावर भेगा पडतात. त्या भेगांना सुरकुत्या समजून जो गैरसमज होतो तो तांत्रिक खुलाशाने दूर होत नाही.

वयाचा प्रश्न येथेच सोडवावा लागतो. चित्रविषयाच्या मनात लग्नाच्या अल्बममधले साल असते, चित्रकारापुढे चालू साल असते. यावर तोडगा म्हणून काही जण मधले एखादे साल निवडतात, ज्या वर्षी ती दोघेही विशेष सुंदर नव्हती; त्यामुळे कोणावर अन्याय होत नाही. कांतीच्या बाबतीत पांढरा रंग सढळ हाताने वापरण्याचा मोह आवरावा. सावळ्या कांतीत ऑकर आणि सिएना जी चमक आणतात ती पांढऱ्याने पिठूळ होते. हे पटवताना देऊस्करांचा दाखला द्यावा. बालगंधर्व रंगमंदिरात, जे २६ जून १९६८ रोजी खुले झाले, तेथे गोपाळ देऊस्करांनी रंगवलेले बालगंधर्व आहेत, एक पुरुषवेशात आणि एक स्त्रीभूमिकेत. कांती, वस्त्र आणि दागिना यांचे नाते शिकायचे तर त्या चित्रांपुढे जाऊन उभे राहावे. पत्नीला मात्र बरोबर नेताना विचार करावा. स्त्रीवेशातील बालगंधर्वांशी तुलना झाली की पुण्यातील बायका पिढ्यान्‌पिढ्या हरत आल्या आहेत आणि त्याची त्यांना कल्पना आहे.

पैठणी नेसून बसण्याचा आग्रह झाला तर प्रकरण लांबते. पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असल्याने तिचा रंग घडीघडीवर पालटतो. चित्रविषयाने श्वास घेतला तरी जांभळ्याचा लाल होतो. एका बैठकीत निऱ्यांचा एकच भाग पूर्ण करावा. जर सोनेरी रंगाने काढू नये; ऑकर, गडद तपकिरी आणि टोकाला फिकट पिवळ्याचा ठिपका यांनीच ती चमकते. पदरावरचे मोर मोजले जातात. नथ सर्वांत शेवटी, एका बैठकीत, प्रत्येक मोत्यावर पांढऱ्याचा एकच बिंदू देऊन संपवावी. ती तुळशीबागेतली की सराफाकडची हे रंगात कळत नाही, हा तैलरंगाचा मोठाच उपकार. मंगळसूत्राचे मणी निव्वळ काळ्याने न काढता निळा आणि सिएना मिसळून काढावेत. कुंकू कपाळाच्या मध्यरेषेवर येते का हे आरशात उलटे पाहून तपासावे.

पती हा चित्रविषय म्हणून सोपा समजला जातो, कारण त्याला कपड्यांचे फारसे काही नसते. तो बसल्यापासून सातव्या मिनिटाला झोपतो. झोपेत जबडा खाली आणि हनुवटी छातीवर येते, त्यामुळे मुळात बसणाऱ्या व्यक्तीचे म्हणून सुरू झालेले चित्र वेगळ्याच प्रकारचे दिसू लागते. मोबाइल हातात दिल्यास तो जागा राहतो, पण चेहऱ्यावर खालून निळा उजेड पडतो. वर्तमानपत्र दिल्यास चेहराच दिसत नाही. काही चित्रकर्त्यांनी समाधानाने स्वीकारावा असा हा पर्याय आहे. टकलावरील चकाकी एका ठिपक्यात उरकावी. पोट टेबलामागे घ्यावे.

सर्वांत अवघड अवयव तोंड. जॉन सिंगर सार्जंटसारख्या निष्णात व्यक्तिचित्रकारानेही १९०७ मध्ये आपला हा व्यवसाय बंद केला, आणि त्याचे ग्राहक तर परके होते. ओठांच्या कडा किंचित पुसट ठेवाव्यात, म्हणजे ज्याला जे हसू पाहायचे ते दिसते. चित्र दाखवल्यावर पहिला अभिप्राय "छान आहे, पण मी अशी दिसते का?" असा येतो. हा प्रश्न नसून पुढील चर्चेची प्रस्तावना असते. उत्तर देऊ नये, ब्रश धुवायला जावे. माहेरची माणसे नाक बिघडले म्हणतात, सासरची नाक हुबेहूब आले म्हणतात आणि दोन्ही वाक्यांचा रोख एकच असतो. दुरुस्त्या तीनपर्यंत मान्य कराव्यात. चित्रविषयाचा जोडीदार किती टोकाला जाऊ शकतो हे चर्चिलच्या उदाहरणावरून कळते. ग्रॅहम सदरलंडने काढलेले त्याचे चित्र नोव्हेंबर १९५४ मध्ये, ऐंशीव्या वाढदिवशी, समारंभाने देण्यात आले. चर्चिलला ते आवडले नाही आणि पुढे लेडी चर्चिलने ते नष्ट करवले. तेथे निदान चित्रकार घरचा नव्हता.

पूर्ण झालेले चित्र स्पर्शाला काही दिवसांत वाळते, पण व्हार्निश देण्यास सहा महिने ते वर्ष थांबावे. हा काळ वाटाघाटींसाठी उपयोगी पडतो. टांगताना दक्षिणेची भिंत टाळावी. तेथे घरातील दिवंगतांच्या तसबिरी लावण्याचा प्रघात असल्याने आलेले पाहुणे चपला काढता काढताच आवाज खाली आणतात आणि "कधी झालं हे?" असे विचारतात. त्याच वेळी चित्रविषय पोह्यांची बशी घेऊन बाहेर येतो. चंदनाचा हार कोणत्याही परिस्थितीत घालू नये. घरात जास्तीचा असला तरीही.

चित्र माळ्यावर टाकण्याची वेळ आल्यास ते कापडात गुंडाळून, उभे ठेवावे. अंधारात जवसाचे तेल पिवळे पडते आणि चेहऱ्याला कावीळ झाल्याचा भास होतो. पुन्हा काही आठवडे उजेडात ठेवल्यावर हा पिवळेपणा बराच उतरतो, म्हणून नाते सुधारल्यावर घाबरून जाऊ नये. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटकावी. ओले फडके, कापलेला कांदा आणि बटाटा यांपैकी काहीही लावू नये. पुसण्याचे काम चित्रातील व्यक्तीकडे सोपवू नये.